खांद्याच्या ऑपरेशननंतर फिजिओचे हात नेमकं काय करतात?

२३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर भारत आणि इंग्लंडमधला पहिला एकदिवसीय सामना चालू होता. क्षेत्ररक्षण करताना श्रेयस अय्यरने चेंडू अडवायला सूर मारला आणि उठला तो डावा खांदा धरूनच. खांदा जागचा हलला होता. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं, त्या वर्षीच्या आयपीएलचा पहिला टप्पा गेला. सप्टेंबरात दुबईत दिल्लीकडून तो पुन्हा उतरला आणि नाबाद ४७ धावा करून आला. नोव्हेंबरात कानपूरला कसोटी पदार्पणातच शतक.

बातम्यांत अशा गोष्टीची दोनच टोकं दिसतात: 'शस्त्रक्रिया यशस्वी' आणि 'दमदार पुनरागमन'. मधल्या पाच-साडेपाच महिन्यांची बोळवण 'रिहॅब' एवढ्यावर होते. अय्यरचे ते महिने कसे गेले हे त्याला आणि त्याच्या फिजिओंना ठाऊक. पण खांद्याचं ऑपरेशन झालेल्या जवळपास प्रत्येक खेळाडूच्या या काळात एक गोष्ट असते, आणि तिच्याबद्दल गैरसमजही भरपूर असतात. ती म्हणजे मॅन्युअल थेरपी: फिजिओथेरपिस्टने कुठल्याही यंत्राविना, स्वतःच्या हातांनी सांध्यावर आणि आजूबाजूच्या स्नायूंवर केलेलं काम.

कुणाला ते नुसतं चोळणं वाटतं. कुणी सांगतं, अमक्याच्या हाताला गुण आहे, एका झटक्यात खांदा मोकळा करतो. मी स्वतः फिजिओ, त्यामुळे फिजिओंचीच तळी उचलणार असं वाटत असेल तर आधीच सांगून टाकते: ऑपरेशननंतरच्या खांद्यावर हाताने करण्याजोगं काम मोजकंच असतं. हात कुठे लावायचा, जोर किती द्यायचा आणि कधी अजिबात लावायचा नाही, हे कळण्यातच सगळं कसब आहे.

खांदा मुळात असा का

खांद्याचा सांधा म्हणजे बशीत ठेवलेलं लिंबू. दंडाच्या हाडाचं गोल डोकं मोठं आणि ते ज्या खोबणीला टेकतं ती उथळ. कुठल्याही क्षणी त्या डोक्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग खोबणीला लागलेला असतो. खुब्याचा सांधा खोल असतो, म्हणून तो सहसा निखळत नाही. आणि म्हणूनच पायाने कुणी यॉर्कर टाकू शकत नाही. खांद्याने मोकळेपणाच्या बदल्यात स्थैर्य सोडलेलं आहे.

मग तो जागेवर राहतो कसा? खोबणीच्या काठाला चिवट ऊतीची एक कड असते, तिला लॅब्रम म्हणतात. ती खोबणीची खोली साधारण निम्म्याने वाढवते. सगळ्या सांध्याभोवती कॅप्सूल नावाची पिशवी असते आणि तिच्यातच गुंफलेले अस्थिबंध. त्यावरून रोटेटर कफचे चार स्नायू येतात. हात हलला की हे चार स्नायू दंडाच्या हाडाचं डोकं खोबणीच्या मध्यावर दाबून धरतात. बाहेरून दिसणारा, आरशात बघायला आवडणारा स्नायू वेगळा. तो हात उचलतो, पण धरून ठेवायचं काम या आतल्या चौघांचं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हात पूर्ण वर नेताना, म्हणजे १८० अंशांत, मुख्य सांध्याचा वाटा सुमारे १२० अंशांचा असतो. उरलेले ६० अंश पाठीवरच्या त्रिकोणी हाडाकडून, खवाट्याकडून येतात. तो बरगड्यांवरून घसरत, फिरत वर जातो. छातीमागचा पाठीचा कणा ताठ होत नसेल तर खवाटाही नीट फिरत नाही. म्हणजे ज्याला आपण 'खांदा' म्हणतो त्याचा बराचसा भाग पाठीत आहे.

आधी हे विचारायचं: आत काय शिवलंय?

'खांद्याचं ऑपरेशन' हे काही एकच ऑपरेशन नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा हात मागे ओढला गेला आणि खांदा पुढच्या बाजूने निखळला, तर बहुतेक वेळा लॅब्रमचा पुढचा-खालचा भाग खोबणीच्या काठावरून सुटतो. ब्रिटिश शल्यविशारद आर्थर बँकार्ट यांनी १९२३ मध्ये या इजेचं वर्णन केलं, म्हणून दुरुस्तीलाही 'बँकार्ट रिपेअर' म्हणतात. आज ती दुर्बिणीतून होते: हाडात छोटे अँकर, म्हणजे धागा अडकवायच्या बारीक खुंट्या, बसवायचे आणि त्यांच्या धाग्यांनी लॅब्रम परत काठाला बांधायचा. खांदा वारंवार निखळून खोबणीचं हाडच झिजलं असेल, तर लाटार्जे यांच्या नावाचं ऑपरेशन करतात. खवाट्याच्या पुढच्या टोकाचा हाडाचा तुकडा कापून तो खोबणीच्या काठावर स्क्रूने बसवतात. फेकणाऱ्या किंवा स्मॅश मारणाऱ्या खेळाडूंत लॅब्रमचा वरचा भाग सुटतो. तिथेच दंडाच्या पुढच्या स्नायूची, म्हणजे बायसेप्सची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) चिकटलेली असते. आणि रोटेटर कफ फाटला असेल तर ती कंडरा हाडावर पुन्हा टाचावी लागते.

या चारही ऑपरेशनांचे नियम वेगळे. बँकार्ट रिपेअरनंतर हात बाजूला करून बाहेरच्या दिशेने फिरवला, म्हणजे चेंडू फेकायच्या आधीची जी स्थिती असते तिथे नेला, की ताण थेट टाक्यांवर येतो. वरचा लॅब्रम शिवला असेल तर कोपर वाकवून वजन उचलण्यात धोका, कारण बायसेप्स तीच जागा ओढतो. कफ शिवला असेल तर रुग्णाने स्वतःच्या जोराने हात वर उचलणंच काही आठवडे बंद. लाटार्जेत हाडाला हाड जुळायची वाट बघायची.

म्हणून चांगली फिजिओ पहिल्या भेटीत खांद्याला हात लावण्याआधी ऑपरेशनचा कागद मागते. "दुर्बिणीतून झालं" एवढ्या माहितीवर ज्याने हात ताणायला घेतला त्याच्याकडून उठून यावं, असं मी माझ्या घरच्यांनाही सांगेन.

टाके धरून ठेवतात, जोडत नाहीत

ऑपरेशन संपलं की दुरुस्ती झाली, असं वाटणं साहजिक आहे. पण धागे आणि अँकर फक्त दोन काठ एकत्र धरून ठेवतात. जोडायचं काम शरीराचं, आणि ते त्याच्या वेळेने होतं. सुरुवातीचे काही दिवस सूज आणि दाह. मग साधारण सहा आठवड्यांपर्यंत नवी ऊती भरते, पण ती कच्ची असते. तिचे तंतू वेडेवाकडे आणि कमी दर्जाच्या कोलॅजेनचे. त्यानंतर कित्येक महिने ती ऊती ताणाच्या दिशेने स्वतःला नीट रचत राहते. खेळाडू तरुण आहे, तंदुरुस्त आहे, रोज दोन तास देतो आहे, म्हणून हे वेळापत्रक फारसं पुढे सरकत नाही. खेळाडूंना सगळ्यात जड जातं ते हेच. आयुष्यभर 'जास्त मेहनत म्हणजे जास्त फळ' हे शिकलेल्या माणसाला 'आता काही करू नकोस' हा व्यायाम जमत नाही.

दुसरीकडे, खांदा नुसता बांधून ठेवला तर कॅप्सूल आवळते. सांधा जखडतो, दुखतो, आणि कार्यालयात बसणाऱ्याला जी १० अंशांची घट कळणारही नाही ती वेगवान गोलंदाजाची लय घालवते. घाई केली तर टाके सैल, उशीर केला तर सांधा कडक. मॅन्युअल थेरपीची जागा या दोन भीतींच्या मध्ये आहे: खेळाडूने स्वतःचा स्नायू न वापरता सांधा हलता ठेवायचा, तोही फक्त परवानगी असलेल्या हद्दीत.

रोटेटर कफच्या दुरुस्तीबद्दल अमेरिकेतल्या खांदा आणि कोपर थेरपिस्टांच्या संघटनेने २०१६ मध्ये एकमताने काही सूचना दिल्या. पहिले दोन आठवडे खांदा पूर्ण स्थिर. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात जपून, टप्प्याटप्प्याने, दुसऱ्याने हलवलेली हालचाल. मग स्वतःच्या जोराची हालचाल, आणि बाराव्या आठवड्यापासून ताकदीचे व्यायाम. सर्जन आपापल्या अनुभवाने, फाटलेल्या भागाच्या आकारावरून यात फरक करतात आणि ते योग्यच आहे. पण क्रम हाच.

पाचव्या आठवड्यातली वीस मिनिटं

बँकार्ट रिपेअर झालेला एखादा कबड्डीपटू डोळ्यांसमोर आणा. पाचवा आठवडा. स्लिंग, म्हणजे गळ्यात अडकवलेली हाताची झोळी, काढून तो टेबलावर उताणा झोपला आहे. पहिली गोष्ट, कोपराखाली दुमडलेला टॉवेल. तो नसेल तर दंड शरीराच्या रेषेच्या मागे पडतो आणि हाडाचं डोकं पुढे, नेमक्या शिवलेल्या बाजूला ढकललं जातं. एवढासा टॉवेल, पण नवशिक्याकडून हमखास विसरला जातो.

मग फिजिओ एक हात त्याच्या कोपराखाली आणि एक मनगटाखाली घेते. दंड सरळ बाजूला न्यायचा नाही; थोडा पुढे, शरीराच्या रेषेपासून साधारण ३० अंश. खवाटा बरगड्यांवर तिरका बसलेला असतो, म्हणून ही दिशा सांध्याला सगळ्यात सोयीची. आता ती म्हणते, "हाताचं वजन माझ्याकडे दे." आणि इथेच गाडी अडते. खेळाडू 'मदत' करतो. हात वर चालला की तो नकळत स्वतःच उचलू लागतो. फिजिओला ते लगेच कळतं, कारण तळहातावरचं वजन अचानक हलकं होतं. मग ती थांबते, कोपर किंचित डोलवते, त्याला श्वास सोडायला लावते, काहीतरी वेगळंच विचारते, गेल्या मोसमातला एखादा सामना वगैरे. वजन परत तळहातावर आलं की पुढे.

हात वर जात जात एका ठिकाणी अडतो. तो कसा अडला, यावर पुढचं सगळं ठरतं. चामडं ताणल्यासारखा घट्ट, पण किंचित लवचिक अडथळा लागला तर कॅप्सूल आवळली आहे. मध्येच स्नायू झटकन आवळला तर ते दुखण्यापासूनचं संरक्षण आहे, तिथे ढकलायचं नाही. आणि अडथळा काहीच लागत नाही पण खेळाडूच "बास, पुढे नको" म्हणतो, तर हात खाली घ्यायचा आणि विचार करायचा, कारण सांध्याच्या आत काहीतरी बिनसलेलं असू शकतं. चौथी शक्यताही आहे: या आठवड्यात अडायला हवा होता तिथे हात अडलाच नाही, सहज पुढे गेला. रुग्णाला याचा आनंद होतो, फिजिओला काळजी वाटते. बँकार्ट रिपेअर झालेला खांदा पाचव्याच आठवड्यात बाहेरच्या दिशेने बेधडक फिरत असेल तर दुरुस्ती सैल पडली आहे का, हे सर्जनला विचारावं लागतं.

त्या वीस मिनिटांत मुख्य सांध्यावर कदाचित सात-आठ मिनिटंच जातात. बाकीचा वेळ कुशीवर झोपवून खवाटा हातात धरून वर, खाली, आत, बाहेर फिरवायचा. मानेचे आणि छातीच्या पुढचे आवळलेले स्नायू सैल करायचे. पाठीच्या कण्याची छातीमागची मणक्यांची रांग मोकळी करायची. मघाशी म्हटलं ते इथे कामी येतं. शिवलेल्या भागाला अजिबात न दुखवता खांद्याची हालचाल सुधारायची असेल तर पाठ आणि खवाटा हा राजमार्ग. स्लिंगमध्ये महिनाभर पोक काढून बसलेल्या माणसाची पाठ मोकळी केली की हात पाच-दहा अंश जास्त वर जातो, आणि टाक्यांना पत्ताही लागत नाही.

जोर किती आणि कुठल्या दिशेला

सांध्याची हाडं एकमेकांवर हलकेच सरकवण्याच्या तंत्राला मोबिलायझेशन म्हणतात. त्याचा जोर मोजायची पद्धत ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी लावून दिली आणि जगभर तीच शिकवली जाते. पहिली श्रेणी म्हणजे हालचालीच्या सुरुवातीलाच अगदी बारीक हेलकावे. दुसरी, मोठे हेलकावे पण अडथळ्याला न भिडता. तिसरी, मोठे आणि अडथळ्यात शिरणारे. चौथी, अडथळ्याच्या टोकाशी बारीक. पाचवी म्हणजे झटका, ज्यात 'कट' असा आवाज येऊ शकतो. पहिल्या दोन श्रेणी दुखणं कमी करायला, तिसरी-चौथी कडकपणा घालवायला. सुरुवातीच्या आठवड्यांत पहिल्या-दुसऱ्याच्या पुढे जायचं कारण नसतं. तिसरी-चौथी लागलीच तर ऊती पिकल्यावर, सर्जनशी बोलून. पाचवीला ताज्या शिवलेल्या खांद्यात जागा नाही.

दिशेचा मामला याहून मजेदार आहे. पाठ्यपुस्तकातला जुना नियम सांगतो की हात बाहेरच्या दिशेने फिरवता येत नसेल तर हाडाचं डोकं पुढे सरकवा, कारण त्या हालचालीत ते पुढे सरकतं. २००७ मध्ये अमेरिकेत जखडलेल्या खांद्याच्या ('फ्रोझन शोल्डर'च्या) रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला. एका गटात दंडाच्या हाडाचं डोकं पुढे सरकवलं, दुसऱ्या गटात मागे. सहा सत्रांनंतर पुढे सरकवलेल्या गटाची बाहेर फिरण्याची हालचाल सरासरी ३ अंशांनी वाढली, आणि मागे सरकवलेल्यांची सुमारे ३१ अंशांनी. अभ्यास विसेक जणांचा आणि रुग्ण जखडलेल्या खांद्याचे, ऑपरेशन झालेले नव्हेत. त्यामुळे त्याच्यावर फार इमले बांधू नयेत. पण बँकार्ट रिपेअरवाल्या खेळाडूसाठी त्यातून एक सोय दिसते. त्याच्या खांद्याचं डोकं पुढे ढकलणं म्हणजे शिवलेल्या जागेवरच ढकलणं. मागच्या बाजूची आवळलेली कॅप्सूल हळूहळू सैल केली तर डोकं खोबणीच्या मध्यावर नीट बसतं आणि पुढच्या टाक्यांना धक्काही लागत नाही. पाठची कॅप्सूल शिवलेली असेल तर अर्थात सगळं उलट.

हाताने आत नेमकं काय होतं

इथे थोडं कटू बोलावं लागेल. "आतली चिकट तोडली", "गाठ फोडली", "नस बसवली" ही वाक्यं फिजिओच्या दवाखान्यातही ऐकू येतात, आणि बहुतेक वेळा ती खरी नसतात. हाताच्या दाबाने परिपक्व कॅप्सूल फाटत नाही, आणि फाटली तर ती वाईट बातमी. कडक झालेली ऊती मोकळी होते ती आठवडेच्या आठवडे, वारंवार, सौम्य ताण मिळाल्याने.

मग एका सत्रानंतर हात लगेच जास्त वर कसा जातो? त्याचं उत्तर बरंचसं मज्जासंस्थेत आहे. त्वचेतून, स्नायूंतून आणि सांध्यातून येणारे स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूच्या पातळीवर दुखण्याच्या संदेशांना दाबतात, मेंदूतून खाली येणारी वेदना आवरणारी यंत्रणा जागी होते, आणि सांध्याची राखण करत आवळून बसलेले स्नायू सैल पडतात. विश्वासाच्या माणसाने हात धरला आहे, याचाही वाटा असतो, आणि तो मान्य करायला लाजायचं कारण नाही. पण हा परिणाम टिकतो थोडा वेळ. काही मिनिटं, काही तास. म्हणून मिळालेली मोकळीक तिथेच, त्याच टेबलाजवळ, व्यायामाने वापरून टाकायची. हात १२० अंशांपर्यंत गेला ना, मग लगेच खेळाडूने परवानगी असेल तशी काठी धरून किंवा भिंतीवर बोटं सरकवत स्वतः त्या कोनापर्यंत जायचं. मेंदूला तो कोन 'आपला' वाटायला हवा. नुसतं टेबलावर झोपून हात फिरवून घेतला आणि घरी गेलो, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे.

संशोधनही थोडंफार याच बाजूचं आहे. खांद्याच्या दुखण्यात व्यायामाला मॅन्युअल थेरपीची जोड दिली तर सुरुवातीच्या काळात दुखणं कमी व्हायला मदत होते. दूरच्या पल्ल्यात फरक फारसा उरत नाही. ऑपरेशननंतरच्या खांद्यावर केवळ हातांच्या कामाचे मोठे अभ्यास कमीच आहेत. तरी मी हे काम सोडणार नाही. वर सांगितलेला तळहातावरच्या वजनाचा आणि अडथळ्याच्या पोताचा अंदाज दुसऱ्या कुठल्या साधनाने येत नाही, आणि रिहॅबचा पुढचा टप्पा कधी सुरू करायचा हे त्याच अंदाजावर ठरतं.

फेकणाऱ्याचा खांदा दोन्हीकडे सारखा नसतो

फिजिओही जिथे फसू शकतात अशी ही जागा. क्रिकेट, भालाफेक, बेसबॉल असे खेळ लहानपणापासून खेळलेल्याचा फेकणारा हात बाहेरच्या दिशेने जास्त आणि आतल्या दिशेने कमी फिरतो. यातला काही भाग मागच्या कॅप्सूलचा कडकपणा, पण काही भाग चक्क हाडाचा असतो. वाढीच्या वयात सतत फेकल्याने दंडाच्या हाडाचा पीळ वेगळा राहून जातो. ऑपरेशननंतर कुणी दोन्ही हात मोजून "आत फिरणं १२ अंश कमी आहे" म्हणून रोज ताणत बसलं, तर ती व्यक्ती हाडाशी भांडते आहे. जिंकणार हाडच.

म्हणून दोन्ही दिशांची बेरीज पाहतात. उजवा हात बाहेर ११० आणि आत ५०, डावा बाहेर ९५ आणि आत ६५, तर दोन्हींची बेरीज १६०, सगळं ठीक. अमेरिकी बेसबॉलच्या पिचरवरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांवरच्या अभ्यासांत ही बेरीज दुसऱ्या हाताच्या तुलनेत ५ अंशांपेक्षा जास्त घटलेल्यांना इजा जास्त झाल्याचं दिसलं. बेरीज घटली असेल तरच मागची बाजू हाताने सैल करण्यात अर्थ. मोजताना खवाटा दाबून धरायला हवा, नाहीतर तोच पुढे कलतो आणि कोन खोटा येतो.

तालीम, तेल आणि झटका

कोल्हापूर-सांगलीकडे पैलवानाच्या दिवसात मालिश असतेच, आणि मेहनतीनंतर थकलेल्या अंगाला तिने बरं वाटतं यात वाद नाही. ऑपरेशन झालेला पैलवान महिन्याभराने तालमीत आला की कुणीतरी प्रेमाने खांदा रगडायला घेतो. वस्ताद म्हणतात, "जरा जोर मारून बघ, मोकळा होईल." जोर मारताना खाली जाताच अंगाचा भार खांद्यावर येतो, सांधा पूर्ण ताणात असताना. ताज्या दुरुस्तीसाठी याहून वाईट व्यायाम शोधून सापडायचा नाही. पाठ, मांड्या, दुसरा हात खुशाल चोळून घ्या. शिवलेल्या खांद्यावर तेल आणि अंगठा नको. जखमेच्या व्रणावर हलका हात फिरवायचा तोही जखम पूर्ण भरल्यावर, फिजिओने दाखवल्यावर. हाडवैद्याच्या झटक्याबद्दल वेगळं सांगायला नको.

काही गोष्टी दिसल्या तर फिजिओकडेही नाही, थेट सर्जनकडे जायचं: ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढत जाणारी लाली, दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागात बधिरपणा किंवा हात बाजूला उचलायची ताकद अचानक जाणं, आतून 'टक्' झालं आणि त्यानंतर खांदा पुन्हा निसटल्यासारखा वाटणं. सत्रानंतर थोडं ठणकणं चालतं. पण ते दुसऱ्या दिवशी सकाळीही तितकंच असेल, तर काल जोर जास्त झाला, एवढं सरळ गणित.

मग हात उलटं काम करू लागतात

तीन महिन्यांच्या आसपास ताकदीचे व्यायाम सुरू होतात आणि टेबलावरचा वेळ कमी होत जातो. व्हायलाच हवा. सहाव्या महिन्यातही खेळाडू आठवड्यातून चारदा येऊन फक्त हात फिरवून घेत असेल, तर कुणाचं तरी चुकतं आहे.

हातांचं एक काम मात्र या टप्प्यात उरतं आणि मला ते फार आवडतं. सुरुवातीला फिजिओ हलवायची आणि खेळाडूने सैल सोडायचं. आता खेळाडू हात एका जागी धरतो, डोळे मिटतो, आणि फिजिओ मनगटाला कुठल्याही दिशेने अचानक हलके धक्के देते. त्याने जागचं हलायचं नाही. आधी हात छातीसमोर, मग डोक्यावर, आणि सगळ्यात शेवटी त्याच स्थितीत, बाजूला ९० अंश आणि बाहेर फिरवलेला, जिथे खांदा निखळला होता. रोटेटर कफला पुन्हा वेळेवर जागं व्हायला शिकवायचं असतं, कारण मैदानात धक्का सांगून येत नाही. खेळाडूचा चेहरा इथे आकड्यांइतकंच सांगतो. हात त्या कोनात गेल्यावर तो दचकत असेल, मान आखडत असेल, तर ताकदीच्या चाचणीत तो पास झाला तरी संपर्काच्या खेळाला अजून तयार नाही.

चाचण्या असतातच: ताकद दुसऱ्या हाताच्या किमान ९० टक्के, बाहेर फिरवणाऱ्या स्नायूंची ताकद आत फिरवणाऱ्यांच्या साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश. मग थोड्या अंतरावरून, मोजक्या चेंडूंनी, मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवून फेकायला सुरुवात. हालचालीची रेंज आली म्हणजे खेळ आला असं होत नाही. टेनिसपटू मारिया शारापोव्हाच्या खांद्याचं ऑपरेशन ऑक्टोबर २००८ मध्ये झालं. २००९ मध्ये ती परतली तेव्हा खांदा जपण्यासाठी तिने सर्व्हिसची ढबच आखूड केली होती, आणि त्या वर्षीच्या अमेरिकन ओपनमध्ये एकाच सामन्यात तिच्याकडून २१ डबल फॉल्ट झाले. नंतर ती जुन्या पूर्ण ढबीकडे वळली. फ्रेंच ओपन जिंकायला २०१२ उजाडलं.

आपल्याकडे एक साधी अडचण राहते. खेळाडूचं ऑपरेशन मुंबई-पुण्यात होतं आणि रिहॅब गावाकडे, जवळ मिळेल त्या फिजिओकडे. डिस्चार्ज कार्डावर 'फिजिओथेरपी सुरू करावी' एवढीच ओळ. म्हणून दवाखान्यातून निघतानाच ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या. काय शिवलं, किती अँकर, हाडाला काही केलं का, आणि सहा आठवड्यांपर्यंत हात कुठल्या दिशेला किती अंशांपर्यंत न्यायची परवानगी आहे, एवढं त्यावर किंवा वेगळ्या चिठ्ठीवर सर्जनकडून लिहून घ्या. त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि फिजिओने हात लावायच्या आधी तो पुढे करा.